साडूची मोटार

गाडी शिकवणाऱ्या माणसाला लोक मास्तर म्हणतात. याला मात्र अख्खी गल्ली क्लच म्हणायची. शिकाऊ माणूस चाकामागे बसला की पहिल्या वळणापासून गाडी परत दारात लागेपर्यंत याच्या तोंडी एकच शब्द असे, "क्लच, क्लच, अहो क्लच!" निवृत्त झाल्यावर त्या नावामागे काका लागलं, एवढाच फरक. सवय मात्र पायात राहून गेली. दुसऱ्याच्या गाडीत बसला की त्याचा उजवा पाय पुढे सरकून नसलेला ब्रेक दाबायचा. टीव्हीवर गाड्यांची पळापळ सुरू झाली तरी पाय हलायचा, आणि बायको म्हणायची, "अहो, चप्पल सुटली."

ही बायको दोघी बहिणींतली थोरली. धाकटी समोरच्या इमारतीत, औषधाच्या दुकानदाराला दिलेली. म्हणजे क्लच आणि औषधवाला एकमेकांचे साडू. दोघींनी समोरासमोर घरं घेतली ती ठरवूनच. थोरलीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून धाकटीची गॅलरी दिसायची, आणि दोघींच्या निम्म्या गप्पा गल्लीतून जाणाऱ्यांच्या डोक्यावरून व्हायच्या. वडिलांनी दोघींना कपडे धुण्याची मशीनं घेऊन दिली, तीही एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच कंपनीची आणि एकाच रंगाची. एका पोरीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, याची त्या माणसाला जन्मभर धास्ती. दोन टपांची मशीनं होती ती. एका टपात कपडे धुवायचे, मग उचलून शेजारच्या लहान टपात टाकायचे आणि तिथे गरगर फिरवून पिळून घ्यायचे.

बहिणींचं जितकं जमायचं तितकंच साडवांचं फाटलेलं होतं. कारण विचारलं तर कुणालाही हसू यावं असं होतं. औषधवाल्यानं चाळिशी उलटल्यावर गाडी घेतली आणि घरातलाच मास्तर म्हणून क्लचकडे शिकायला बसला. एके सकाळी पुलाच्या चढावर गाडी बंद पडली. मागे ट्रकांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. साडूनं किल्ली फिरवावी, गाडीनं आचका द्यावा आणि पुन्हा बंद पडावं. मागच्या सीटवर आपली पाळी येण्याची वाट बघत आणखी शिकाऊ बसलेले. क्लच म्हणाला, "साडूबुवा, तुम्ही गाडीत बसा, पण मागच्या सीटवर. तिथे शोभता."

मागचे हसले. साडू दार उघडून खाली उतरला, दार तसंच उघडं टाकून चढ उतरून चालत घरी गेला. त्यानंतर त्यानं स्टिअरिंगला हात लावला नाही आणि क्लचशी शब्द बोलला नाही. धाकटीनं मग दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन गाडी शिकून घेतली. चांगली चालवायची. नवराबायको कुठेही निघाले की ती पुढे एकटी, आणि नवरा मागच्या सीटवर, हाताची घडी घालून. तिच्या शेजारची सीट रिकामी. वर्षानुवर्षं हे असंच. नवीन भाडेकरूंना वाटायचं, बाईंनी टॅक्सी काढली आहे.

मग एका सकाळी धाकटी गेली. आजार नाही, दवाखाना नाही. घरातच कोसळली, आणि डॉक्टर येईपर्यंत काही उरलं नव्हतं. क्लचनं त्या दिवशी सगळी धावपळ केली, माणसं आणली, पोचवली. दोघा साडवांत बोलणं झालं ते गाडी कुठे उभी करायची एवढंच. पुढे औषधवाल्यानं ती गाडी विकून टाकली. कपडे लाँड्रीत जायला लागले. गॅलरीतल्या मशीनवर त्यानं एक राखाडी प्लास्टिक टाकून वरून दोरी आवळली. थोरलीला भांडी घासताना ते रोज समोर दिसायचं.

असा बराच काळ गेल्यावर थोरलीचं मशीन बिघडलं. आधी नुसतं गुणगुणलं, मग जळका वास आला, मग वासही यायचा बंद झाला. कंपनी केव्हाच बंद पडली होती. दुरुस्तीवाला आला, मागचं झाकण न काढताच मान हलवली आणि नवीन कुठलं घ्यावं ते सांगायला लागला. परगावी असलेल्या मुलानं फोनवरून तेच सांगितलं. सगळं आपोआप करणारं मशीन पाठवतो म्हणाला. थोरलीनं तसलं मशीन शेजारणीकडे बघितलेलं होतं. ते एकदा सुरू झालं की दार उघडत नाही. राहिलेला मोजा मागाहून टाकता येत नाही, मध्येच बघता येत नाही. "मी काय बाहेर बसून काचेतून कपडे बघत बसू?" असं तिनं मुलाला विचारलं.

क्लचला यंत्रातलं कळत होतं, पण ते गाडीपुरतं. विजेच्या तारांना तो बिचकून असे. तरी त्यानं मागचं झाकण काढलं, मोटार सोडवली आणि वाइंडिंग करणाऱ्याकडे घेऊन गेला. त्यानं ती उघडून आतलं दाखवलं. तार जळाली होती ते दिसतच होतं. पण ज्यात दांडा फिरतो ते बूशही झिजून भोक अंड्यासारखं झालं होतं. तार नवी भरून देतो, म्हणाला, पण महिन्याभरात परत जळून येईल, तेव्हा मला नावं ठेवू नका. क्लच भंगारबाजार फिरला. बोळ पालथे घातले. बसेल असा पट्टा मिळाला, चांगल्या स्थितीतला नळ मिळाला, एका फुटक्या रेडिओचं बटण मिळालं ते टायमरला बरोबर बसलं. मोटारी तर ढिगानं होत्या. पण कुणाचा दांडा लांब, कुणाची भोकं भलतीकडे. घरी आणलेली एक मोटार तर बसली आणि इतकी जोरात फिरली की मशीनच खोलीत चालायला लागलं. थोरलीनं स्वीच बंद केला तेव्हा ते दारापर्यंत पोचलं होतं.

त्या दुपारी ती पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "एक आहे की समोर."

क्लचला ऐकू आलं होतं. त्यानं पाना पुसला, पुसलेला पुन्हा पुसला.

"तुम्ही विचारणार नसाल तर मी विचारते," ती म्हणाली. "पण मग मोटारही मीच काढीन. तुम्ही बसा पेपर वाचत."

इतक्या वर्षांत तिनं नवऱ्याला साडूकडे जा असं कधी म्हटलं नव्हतं. दोन्ही घरांचे उंबरे ती एकटीच ओलांडत आली होती, आणि बहीण गेल्यावरही भावोजींना अधूनमधून डबा पोचवून येत होती. क्लच दोन दिवस घुटमळला. तिसऱ्या दिवशी, दुपारी दुकान बंद असायच्या वेळेला, समोरचा जिना चढला.

साडूनंच दार उघडलं. अंगात घरचा सदरा, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. क्लचनं वाटेत बरंच काही जुळवून ठेवलं होतं, त्यातलं एकही वाक्य बाहेर पडलं नाही. तो म्हणाला, "तुमची मोटार हवी होती."

साडूनं त्याच्याकडे नीट बघितलं. "विकली मी ती."

"ती नव्हे. मशीनमधली."

मग साडू बाजूला झाला. मोटार न्या, म्हणाला, बाकी मशीन जागचं हलवायचं नाही. आणि आत जाऊन पेपर उघडून बसला.

क्लचनं गॅलरीत जाऊन दोरी सोडली, प्लास्टिक काढून घडी करून ठेवलं. मशीन त्याच्या घरच्या मशीनचं जुळं भावंड होतं, फक्त कमी झिजलेलं. खालच्या मोटारीपर्यंत नीट पोचायचं तर सोपा उपाय म्हणजे मशीन आडवं करणं. बूड समोर येतं, बोल्ट दिसतात, तासाभराचं काम. आडवं करण्याआधी टप रिकामे आहेत ना ते बघावं म्हणून त्यानं झाकणं उचलली. धुण्याचा टप कोरडा होता. पिळायच्या टपात कपडे होते.

कडेला चिकटून, गोल वळून, जसे फिरले तसेच वाळलेले. एक टॉवेल, उशांचे अभ्रे, साडूचा रेघांचा शर्ट, आणि मधोमध धाकटीचा गाऊन. मशीन थांबलं त्या क्षणी ते जसे होते तसेच होते. त्यांना पुन्हा कुणाचा हात लागलेला नव्हता.

क्लचनं झाकण खाली ठेवलं, आवाज होऊ न देता. मग मशीन भिंतीपासून जेमतेम पुढे ओढलं, मागचं झाकण काढलं, फरशीवर कुशीवर झोपला आणि त्या फटीतून हात आत घातला.

अशा पद्धतीनं मोटार काढणं म्हणजे बंद दाराच्या पत्रपेटीतून हात घालून घरातला पंखा उतरवण्यासारखं होतं. मागचे बोल्ट निघाले. पुढचा बोल्ट दिसत नव्हता, नुसता बोटांना लागत होता, आणि त्यावर पाना बसत नव्हता. दुसऱ्या दिवशी क्लच ओळखीच्या गॅरेजात जाऊन एक पाना तापवून वाकवून घेऊन आला. तो फार वाकला होता. त्याच्या पुढच्या दिवशी दुसरा आणला. बोल्ट गंजलेला, एका वेळी फिरायचा तो केसाइतका. थोरलीला खिडकीतून रोज दुपारी गॅलरीच्या कठड्याखाली नवऱ्याचे दोन तळपाय दिसत. एकदा तिनं हाक मारून विचारलंही, काम चाललंय की झोप? उत्तरादाखल एक तळपाय हलला.

साडू रोज दार उघडायचा आणि आत जाऊन बसायचा. पण पेपर काही रोज तेवढा वेळ पुरत नाही. एके दुपारी तो उठून गॅलरीच्या दारात येऊन उभा राहिला. क्लचची कोपरं सोललेली होती, शर्टाला खालची सगळी धूळ.

"आडवं केलं असतं तर लवकर झालं असतं ना?" साडूनं विचारलं.

"झालं असतं."

"मग?"

क्लच फटीतून बाहेर सरकला आणि भिंतीला टेकून बसला. खोटं बोलायला त्याला काहीतरी सुचायला हवं होतं, ते सुचलं नाही. "आत कपडे आहेत," तो म्हणाला. "मी झाकण उघडलं होतं पहिल्या दिवशी."

साडू आत जाईल असं त्याला वाटलं. साडू गेला नाही. उंबऱ्यावरच बसला, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसायला लागला.

"तिनं पिळायला टाकले होते," तो म्हणाला. "मी खाली दूध आणायला गेलो. वर आलो तेव्हा मशीन थांबलेलं होतं, आणि ती इथे, या दारात." त्यानं बसल्या जागेकडे बोट केलं नाही, पण तीच जागा होती. "लोकांना वाटतं मी विसरलोय. मी कसा विसरेन? पण काढायचे म्हणजे वाळत घालायचे. वाळत घातले की घडी. घडी केली की कपाटात. आणि मग पुढे काय करायचं असतं, ते मला माहीत नाही."

हे सगळं तो औषध कसं घ्यायचं ते गिऱ्हाइकाला सांगावं तशा आवाजात बोलला. शिकवण्याच्या सगळ्या वर्षांत क्लचनं शेजारी बसलेल्या माणसाला काय करावं हे सांगितलेलं होतं, आणि आता सांगण्यासारखं काही नव्हतं.

"आज काढायला हवेत असं काही नाही," शेवटी तो म्हणाला. "मोटार निघतेय अशीच." आणि थोड्या वेळानं, पान्याकडे बघत, "त्या चढावर नवीन माणसाला न्यायलाच नको होतं मी. चूक माझी होती."

"चढ वाईटच आहे तो," साडू म्हणाला. मग उठून आत गेला आणि टॉर्च घेऊन आला.

उजेड पडल्यावर बोल्ट दोघांनाही दिसला. साडू टॉर्च धरून होता, पण उजेड दुसऱ्याला कुठे हवा आहे ते त्याला कळत नसे, आणि क्लचला सांगितल्यावाचून राहवत नसे. वर, डावीकडे, अहो डावीकडे. एकदा त्याच्या तोंडून सवयीनं "क्लच" निघून गेलं. साडू हसला नाही, पण टॉर्च हलला. संध्याकाळी दुकान उघडायच्या आत मोटार बाहेर आली. दोघांनी ती गोणपाटात गुंडाळली. साडूनं मशीनवर पुन्हा प्लास्टिक टाकलं. दोरी मात्र बांधली नाही.

मोटार क्लचच्या घरी पोचली आणि तिच्या मागोमाग दुसऱ्या दिवशी साडूही. एवढ्या वर्षांत तो त्या घरात आला नव्हता. थोरलीनं नवल केलं नाही, पाणी पुढे केलं आणि भावोजींना स्टूल दिलं, जणू काल येऊन गेले होते. मोटारीखालचे रबर कडक होऊन तुकडे पडले होते. त्यांच्या जागी क्लचनं ड्रायव्हिंग स्कूलच्या जुन्या गाडीच्या शॉकअब्सॉर्बरची बुशं कापून बसवली. बोल्ट आवळले, पट्टा चढवला. इथवर त्याचं राज्य होतं. मग आल्या तारा.

मशीनं एकाच दिवशी घेतलेली, पण तारांचे रंग वेगळे निघाले. सासऱ्यांनी माप सारखं दिलं होतं, कंपनीनं नाही. क्लचनं अंदाजानं जोडल्या आणि स्वीच दाबला. आतली चकती उजवीकडे फिरली, थांबली, नुसती कण्हली, पुन्हा उजवीकडेच फिरली. डावीकडे जायला तयार होईना. साडूनं येताना आपल्या मशीनचं मागचं झाकण आणलं होतं, त्याच्या आत जोडणीची आकृती चिकटवलेली होती, पण ओल लागून ती अशी विटली होती की क्लचला नुसते डाग दिसत होते. साडूनं झाकण मागून घेतलं, चष्मा वर सरकवला, ते उजेडात तिरकं धरलं आणि वाचायला लागला. उभ्या आयुष्यात त्यानं डॉक्टरांचं अक्षर वाचलं होतं, त्यापुढे हे म्हणजे छापील पुस्तक. पिवळी मधली, म्हणाला, निळी आणि तांबडी दोन बाजूंना, कपॅसिटर त्या दोघींच्या मध्ये. तुम्ही पिवळी कडेला टाकलीत. क्लचनं तार हातात धरून दोनदा विचारून घेतलं, खात्री आहे ना? औषध चुकलं तर माणूस मरतो, साडू म्हणाला, मी खात्रीशिवाय काही देत नाही.

तारा बदलल्या. चकती उजवीकडे फिरली, थांबली, दम घेतला आणि डावीकडे फिरली. थोरली हात पुसत आली, झाकण उघडून आत बघितलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मग पलंगावरच्या चादरी ओढून आणल्या. पट्टा चिमणीसारखा चिवचिवत होता. तो आवाज क्लचला काही केल्या घालवता आला नाही, आणि पुढे सगळ्यांना त्याची सवय झाली. भावोजींना ती एवढंच म्हणाली, की लाँड्रीवाले गुंड्या तोडतात, कपडे इकडे आणत जा. बघतो, म्हणाला तो. पुढच्या आठवड्यात पिशवी घेऊन आला.

पिळायच्या टपातल्या कपड्यांबद्दल मात्र क्लचनं बायकोला काही सांगितलं नव्हतं. सांगायचं त्याचं काम नव्हे, असं त्याला वाटलं.

एका सकाळी ती खिडकीशी उभी होती. समोरच्या गॅलरीत दोरीवर कपडे होते. सवय नसलेल्या हातानं घातलेले. चिमटे भलत्या जागी, शर्ट एका बाहीवर लोंबणारा. कोरडेच होते. वळून कडक झालेले, वारा आला तरी हलत नव्हते. मधोमध तिच्या बहिणीचा गाऊन होता. तो थोरलीनंच दिलेला होता. भावोजी आतल्या बाजूला खुर्चीवर बसून त्या दोरीकडे बघत होते. थोरलीनं हाक मारली नाही. खिडकीही लावली नाही. संध्याकाळपर्यंत कपडे तिथेच होते, अंधार पडायच्या आधी ते कुणीतरी आत घेतले. त्यांचं पुढे काय केलं ते तिनं विचारलं नाही, आणि त्यानं सांगितलं नाही.

त्यानंतर समोरचं मशीन कामाला लागलं, म्हणजे सुट्या भागांच्या कामाला. थोरलीच्या मशीनचं झाकण तडकलं, तर तिथलं आलं. पिळायची मोटार दमली, तर तीही. आता क्लच ते बिनदिक्कत आडवं करी आणि साडू न सांगता बरोबर जागी टॉर्च धरी. आडवं करताना दोघांपैकी एक जण आधी झाकण उघडून बघायचाच, आत काही नाही हे माहीत असूनही.

साडूला मात्र यातून वेगळीच खोड लागली. दुकानात बसल्या बसल्या येणाऱ्या गिऱ्हाइकांकडे तो चौकशी करायचा, त्या कंपनीचं मशीन कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गच्चीवर पडलंय का? एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाकडे निघालं. तिनं त्यात बागेची माती भरून ठेवली होती. दोघा साडवांनी ते रिकामं करून हातगाडीवर घालून आणलं आणि थोरलीच्या दाराबाहेर उभं केलं. कुठल्या गॅलरीत ठेवायचं यावरून त्यांचं वाजलं. तुमच्याकडे जागा आहे, तुमच्याकडे ऊन लागत नाही, असं चाललेलं असताना आत फोन वाजला. मुलगा होता. पुन्हा नव्या मशीनचं विचारत होता.

"नको रे," थोरली म्हणाली. "इथे अडीच आहेत. आणि दोन माणसं आहेत त्यांच्यामागे. ती रिकामी झाली तर मला जड जाईल."

तिनं फोन ठेवला आणि बाहेर येऊन सांगितलं, की जिन्याखाली ठेवा, आणि आधी त्यातली उरलेली माती धुऊन काढा.